वेळ का बिघडली? खांबच्या रस्त्यावरचे काही गैरसमज

खांब गावाच्या आसपास पहाटे कुणी पळताना दिसलं की चहाच्या टपरीवरून पहिला प्रश्न ठरलेला: “काय रे, पोलीस भरती का मिलिटरी?” प्रश्न चुकीचा नाही. नागोठणे ते कोलाड या पट्ट्यात पहाटे पळणारी बहुतेक पोरं भरतीचीच असतात. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, त्याचीच ती तयारी. पण अलीकडे त्यांच्यात एक वेगळा गडी दिसतो. धाटावच्या एमआयडीसीत नाहीतर नागोठण्याच्या कारखान्यात पाळी करणारा, चाळिशीकडे झुकलेला, कुठल्याच भरतीच्या वयात न बसणारा. तो सुकेळी खिंडीकडे जाऊन परत येतो, कारण त्याला लांब पल्ला धावायचा असतो.

त्याचा हंगाम साधारण असा. पावसाळ्यात सराव, सप्टेंबरच्या सुमारास साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, वर्षाअखेरीला वसई-विरार, आणि जानेवारीत मुंबई. निकालही साधारण ठरलेले. साताऱ्यात दमछाक, वसईला बरी वेळ, मुंबईत तीस किलोमीटर ओलांडल्यावर पाय जड, आणि मध्येच एखाद्या स्थानिक दहा किलोमीटरच्या शर्यतीत स्वतःलाच खरी न वाटणारी वेळ. मग घरचे आणि मित्र निकाल देऊन टाकतात: मेहनत कमी पडली. गैरसमजांची सुरुवात इथूनच होते. मेहनत केली की प्रत्येक शर्यतीत वेळ उतरत जाते आणि वाढली म्हणजे माणूस ढिला पडला, हा हिशेब शाळेच्या गुणपत्रिकेला चालेल. लांब पल्ल्याच्या धावण्यात वेळेवर हात चालवणारे बरेच जण असतात, आणि कोकणात त्यातला सर्वांत मोठा म्हणजे हवा.

“ऊन नसलं की झालं, पहाटे पळालं तर काही त्रास नाही” असं इथे सर्रास ऐकू येतं. प्रत्यक्षात आपल्याकडे अडचण उन्हाइतकीच दमटपणाची आहे. हिशेब सोपा आहे. सपाटीवर धावताना माणूस दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च करतो. साठ किलोच्या माणसाला दहा किलोमीटरला सहाशे लागतात. यातला जेमतेम पाव हिस्सा पुढे सरकण्याच्या कामी येतो, उरलेली सगळी उष्णता. ती बाहेर टाकायचं मुख्य साधन घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे पाऊण लिटरभर घाम अंगावर वाळला तरी दहा किलोमीटरचा हिशेब मिटतो.

पण तो वाळायला हवा ना! ऑक्टोबरात भातखाचरांवर धुकट ओल उतरलेली असते, हवा पाण्याने जवळजवळ भरलेली असते आणि घाम कोपरावरून टपटप गळतो. गळलेला घाम काहीही थंड करत नाही, फक्त शरीरातलं पाणी कमी करतो. मग रक्ताचा मोठा वाटा कातडीकडे वळतो, स्नायूंच्या वाट्याला कमी येतो, आणि कालच्याच वेगाला आज हृदयाचे ठोके दहा-पंधराने जास्त पडतात. अशा दिवशी घड्याळाकडे बघून वेग राखणं हा हट्ट झाला. श्वास आणि ठोके बघून पळावं, वेग जो पडेल तो पडू द्यावा. मॅरेथॉनच्या निकालांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट दिसली आहे. उष्मा वाढला की सगळेच मंदावतात, पण पहिल्या ओळीतल्या धावपटूंपेक्षा मागचे, म्हणजे आपल्यासारखे, जास्त मंदावतात.

यात एक फायदा लपलेला आहे. उकाड्यात दहा ते चौदा दिवस सलग हळू पळत राहिलं की शरीर जुळवून घेतं. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. डिसेंबरात हवा कोरडी झाली की तोच माणूस त्याच कष्टात जास्त वेगाने जातो. वसईची चांगली वेळ ही बरीचशी ऑक्टोबरच्या वाईट पहाटांची कमाई असते, हे त्या पहाटांना कुणी सांगत नाही.

दुसरा घोळ वेळांची तुलना करण्यात होतो. साताऱ्याचे एकवीस किलोमीटर आणि मुंबईचे एकवीस एकच, असं मानणाऱ्याने यवतेश्वरचा घाट पाहिलेला नसतो. तिथे पहिली निम्मी शर्यत चढाची आणि परती उताराची. स्थानिक शर्यतींचा प्रश्न वेगळा. तिथलं अंतर अनेकदा मोटारसायकलच्या मीटरवर मोजलेलं असतं आणि ‘दहा किलोमीटर’ पावणेदहाही भरत नाही. प्रमाणित मार्गाची मोजणी रस्त्याच्या वळणांवर शक्य तितक्या जवळच्या रेषेने होते आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरला जातो. त्यातून धावणारा वळणं बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडे जातो-येतो. म्हणून मुंबईत मनगटावरचं घड्याळ ४२.१९५ ऐवजी साडेबेचाळीस दाखवतं आणि लोक आयोजकांना नावं ठेवतात. आयोजक बरोबर असतात. चुकीची असते ती गावच्या शर्यतीतली ‘बेस्ट’.

पाच झालं की दहा, दहा झालं की एकवीस, मग बेचाळीस. आणि बेचाळीस धावलेला परत खाली आला म्हणजे घसरला. ही शिडी कुणी लावून ठेवली कोण जाणे. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला, आणि नंतर ती गेली ३००० मीटर स्टीपलचेसकडे. २०१५ मध्ये आशियाई विजेती झाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. उलट बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे हा स्टीपलचेसचा माणूस, त्याने २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. अंतरं एकमेकांच्या वरखाली नसतात. हौशी धावपटूने एखादं वर्ष नुसत्या दहा किलोमीटरला दिलं तर त्याचं काही बिघडत नाही, उलट बेचाळीसची वेळ सुधारण्याचीच शक्यता जास्त.

सरावाबद्दलचा गैरसमज भरतीच्या पोरांकडून आलेला आहे: रोज जीव तोडून पळायचं. १६०० मीटरची चाचणी पाच-सहा मिनिटांत संपते, तिला तो बाणा काही प्रमाणात चालतो. लांब पल्ल्याचे जगातले उत्तम धावपटू मात्र आपल्या सरावाचा साधारण ऐंशी टक्के भाग बोलता-बोलता पळता येईल इतक्या सावकाश वेगाने करतात. हौशी माणूस नेमकं उलट करतो. सावकाश दिवशी जास्त जोरात आणि जोराच्या दिवशी दमलेला, म्हणून सगळे दिवस मधलेच. त्यात रात्रपाळी असेल तर बघायलाच नको. नाइट संपवून सकाळी थेट पळायला जाणाऱ्याचं कौतुक होतं. मला विचाराल तर त्याने आधी झोपावं. सरावाने शरीर मोडतं आणि झोपेत बांधलं जातं, ही काही अलंकारिक भाषा नाही.

“पायात लॅक्टिक ॲसिड साठलंय, चोळून काढ.” शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी हे वाक्य हमखास येतं. पळताना वाढलेलं लॅक्टेट थांबल्यावर तासाभरात मूळ पातळीच्या आसपास येतं, किंबहुना शरीर ते इंधन म्हणून वापरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूतंतूंच्या बारीक इजांचं असतं, आणि स्नायू ताणला जात असताना भार झेलतो तेव्हा त्या जास्त होतात. म्हणून साताऱ्यात मांड्या चढाने नाही, उताराने दुखतात. चोळल्याने बरं वाटतं, तेवढं खरं.

गुडघ्यांची भीती घरोघरी आहे. “पळून गुडघे झिजवशील” हे आई म्हणते, सासरे म्हणतात, कधी कधी डॉक्टरही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला निष्कर्ष असा: हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघा किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के, बैठ्या माणसांमध्ये १०.२ टक्के, आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. यात वजन, जुन्या दुखापती, मुळात कोण पळायला लागतो, हे सगळं मिसळलेलं असणार. धावणं हे औषध आहे असा अर्थ काढू नये. पण नेमस्त पळणाऱ्याला गुडघ्याच्या नावाने घरी बसवण्याला आधार नाही. बेताल अंतर वाढवणाऱ्याचा गुडघा दुखतो तो बहुधा झिजेमुळे नाही, घाईमुळे.

आता भात. शहरातल्या धावपटूंकडून ऐकून इथलेही काही जण भात सोडतात आणि बदामांवर आलेत. रोह्या-पेणच्या माणसाने भात सोडून काय मिळवायचं? स्नायू आणि यकृत मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठतं, म्हणजे दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास. साठ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला अडीच हजार लागतात. तीस किलोमीटरनंतर पाय जड होतात ते या तुटीमुळे, आणि सुरुवातीला जोरात पळालं की हा साठा आणखी लवकर संपतो, कारण वेग वाढला की चरबीचा वाटा कमी होतो. शर्यतीच्या आदल्या दोन दिवसांत भात आणि सकाळी लवकर पेणच्या पोह्यांची बशी, तेल-शेंगदाणे बेताने, याहून सोयीचं खाणं शोधत फिरायची गरज नाही. पहिल्यांदा खाण्याचा प्रयोग मात्र शर्यतीच्या दिवशी नको.

पाण्याचं उलट झालंय. “तहान लागायच्या आधी पी, जितकं जास्त तितकं चांगलं” हा सल्ला धोक्याचा आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेलं निघालं. धोका जास्त होता तो शर्यतीत वजन वाढलेल्यांना, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यालेल्यांना, आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना. म्हणजे पुन्हा आपल्यालाच. तहानेप्रमाणे प्यावं. लांबच्या सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहिलं की आपल्याला किती घाम येतो ते कळतं.

“जरा पळून घाम काढ, ताप उतरेल” हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तापात जोर केल्याने हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका वाढतो. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यातला ताप साधा असेलच असं नाही. पायाला चीर असताना साचलेल्या पाण्यातून पळणाऱ्याने लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) नाव लक्षात ठेवावं आणि ताप आला तर डॉक्टरांना आपण पाण्यातून गेलो होतो हे आपणहून सांगावं.

तापामुळे किंवा लावणीमुळे सराव सुटला की “गेलं सगळं, पहिल्यापासून सुरुवात” असं वाटतं. तेही तितकं खरं नाही. चांगला सराव असलेले पूर्ण थांबल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत साधारण सात टक्क्यांनी उतरलेली १९८४ च्या एका अभ्यासात दिसली, पुढे उतार मंद झाला. आणि लावणीचे दिवस म्हणजे पूर्ण थांबणं कुठे आहे? गुडघाभर चिखलात वाकून काम करणाऱ्याची कंबर आणि पोटऱ्या काही सुटीवर नसतात. परतल्यावर पहिले आठ-दहा दिवस निम्म्या अंतराने, घड्याळ घरी ठेवून पळावं.

राहता राहिला मार्च. मुंबईचं पदक मिळालं की उत्साहात उन्हाळ्यातही तोच आठवडा चालू ठेवणारे आहेत. कोलाडच्या पुढच्या भिऱ्यात २८ मार्च २०१७ ला ४६.५ अंशांची नोंद झाली होती. या दिवसांत अंतर कमी करावं, सूर्य डोंगराआडून वर यायच्या आत घरी यावं, आणि वेळ लिहायची वही जूनपर्यंत बंद ठेवावी.