ओहोटीच्या वेळची बालवाडी

ओहोटी लागली की आक्षी-नागावच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूचा रुंद, सपाट पट्टा उघडा पडतो. तीन-चार वर्षांचं पोर त्यावर अनवाणी सोडा आणि त्याच्या पायाकडे बघा. पाऊल टेकताच भोवतीची वाळू एकदम कोरडी, फिकट दिसते. पाऊल उचललं की तिथे पाणी साचतं. वजनाने वाळू पिळली गेली, असं वाटतं. घडतं मात्र उलटंच. घट्ट बसलेले कण दाबाने एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी त्या फटींत ओढलं जातं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली याचा उलगडा केला. पोर आपलं पुन्हा पुन्हा पाय आपटून बघतं.

आपटू द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. दोन खोल्यांच्या घरात हा आकडा अशक्य वाटतो. पुळणीवर तो कधी भरला, ते कळतही नाही. वाळूचे बारीक गोळे काढून ठेवणारे इवले खेकडे दिसले की पोर उकिडवं बसतं, खेकडा बिळात शिरला की ताडकन उठतं, पुढच्या बिळाकडे धावतं. एवढ्या उठाबशा सांगून कोण काढेल? त्यात वाळू पायाखालून सरकते. बेल्जियममध्ये १९९८ साली मोठ्या माणसांवर झालेल्या मोजणीत, कडक जमिनीपेक्षा वाळूत चालायला दुपटीहून जास्त ऊर्जा लागली होती.

आता त्या ठशांकडे बघा. लहान मुलाचा ठसा पुरा भरलेला असतो, कारण तळव्याखाली चरबीची गादी असते आणि कमान अजून घडायची असते. १९९२ साली भारतातल्या २३०० मुलांच्या ठशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं ४ ते १३ वर्षांची होती. पायताण वापरणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के निघाले, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के; बंद बुटांत प्रमाण सर्वांत जास्त. चालताना दिवे लुकलुकणारे बूट हौसेने घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं!

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, अशाच किनाऱ्यावर, बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शंख-शिंपले आणि खडे हीच त्यांची साधनं होती. तीन ते सहा वर्षांच्या वयाला याहून महाग काही लागत नाही.

वेळ मात्र साधावी लागते. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी भर दुपारी. कोवळे तळवे भाजतील. पौर्णिमा-अमावास्येला भरती बारापर्यंत येते आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं. ऊन उतरलेलं, पट्टा सर्वांत रुंद. फक्त काचा-गळ बघून घ्यावेत, पावसाळ्यात लाटांच्या वाटेला जाऊ नये आणि पाणी फिरलं की पोराला कडेवर घेऊन सुरूच्या बनाकडे वळावं. उधाणाच्या दिवसांत ते परततंही झपाट्याने.