फायबरच्या होडीवरचे ओरखडे वेळीच बुजवा



भाताचे भारे, खताच्या गोणी पलीकडे न्यायला फायबरची होडी सोयीची. लाकडासारखी ती कुजत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण होडी कातळाला घासली की वरच्या जेलकोटवर ओरखडा उठतो. जेलकोट म्हणजे नुसता रंग नव्हे. रेझिनचा हा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. आतल्या काचतंतूंना तोच पाण्यापासून जपतो. तो फाटला की पाणी आत मुरते, फोड येतात, थर सुटू लागतात. मग खर्च वाढतो.

आधी ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकले नाही, तर तो वरवरचा समजा. 800 व नंतर 1000 नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून हलक्या हाताने फिरवा. शेवटी रबिंग कंपाउंडने चकाकी आणा.

नख अडकले, तर असे करा :

१) होडी साबणाने व गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण सुकवा. दमट हवेत हे काम नको.

२) पत्र्याच्या टोकाने ओरखडा किंचित रुंद करा. 220 नंबरचा पेपर मारून ॲसिटोनने पुसा.

३) 50 ग्रॅम जेलकोटला सुमारे 1 मिलिलिटर हार्डनर पुरतो, डब्यावरचे प्रमाण मात्र जरूर पाहा. लागेल तेवढेच कालवा, कारण थोड्या वेळात ते घट्ट होते.

४) ओरखडा थोडा उंच भरा, कारण वाळताना जेलकोट आकसतो. हवा लागली तर वरून तो चिकट राहतो, म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद दाबून बसवा.

५) दुसऱ्या दिवशी 400, 600, 800 आणि 1000 नंबरचे पेपर क्रमाने मारून पॉलिश करा.

सावध राहा! हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा व हातमोजे घाला. थेंब उडालाच, तर निदान 15 मिनिटे पाण्याने डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. जवळ विडी-काडी नको. कोबाल्टची बाटली वेगळी असेल, तर कोबाल्ट व हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो.

आतले तंतू दिसत असतील किंवा तडा आरपार गेला असेल, तर हा उपाय पुरायचा नाही. अशी होडी पाण्यात न घालता जाणत्या कारागिराला दाखवा. तिच्यात आपलीच माणसे बसतात, हे विसरू नका.