पोस्टग्रेस: न खोडणारा डेटाबेस आणि त्याची राखण

पोस्टग्रेस, पूर्ण नावाने पोस्टग्रेसक्यूएल, हा ओपन सोर्स डेटाबेस आहे. नोंदी टेबलांत मांडून ठेवायच्या, हजारो लोक एकाच वेळी त्या वाचत-बदलत असताना एकाचीही नोंद बिघडू द्यायची नाही आणि एकदा ‘झाले’ म्हणून कळवलेला व्यवहार वीज गेली तरी हरवू द्यायचा नाही, ही त्याची मुख्य कामे. त्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, आपल्या उत्पादनात घालून विकताही येतो. परवान्यापोटी पैसे द्यावे लागत नाहीत. राखणीचे काम मात्र उरतेच, आणि ते वापरणाऱ्याच्या गळ्यात येते. या डेटाबेसची ओळख करून घेताना त्याच्या रचनेइतकेच या राखणीकडे लक्ष द्यावे लागते.

नवी मुंबईत हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. टीटीसी, म्हणजे ट्रान्स-ठाणे क्रीक, औद्योगिक पट्ट्यात, जिथे एकेकाळी रसायनांच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांचीच वस्ती होती, तिथे ऐरोली, रबाळे, महापे परिसरात आज डेटा सेंटर उभी आहेत. पनवेलजवळ योट्टाचे मोठे केंद्र २०२० मध्ये सुरू झाले. या इमारतींतल्या सर्व्हरवर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी असे ओपन सोर्स डेटाबेस चालतात आणि त्यांचे डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे प्रशासक, महाप्याच्या किंवा ऐरोलीच्या कार्यालयांतून, पुष्कळदा रात्रपाळीला, त्यांच्यावर नजर ठेवतात. डेटाबेसची मोठी कामे लोक झोपलेले असतानाच उरकावी लागतात.

पोस्टग्रेसचा जन्म कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रातला. मायकेल स्टोनब्रेकर यांनी तिथे आधी इन्ग्रेस हा डेटाबेस घडवला होता. त्याच्या पुढचा म्हणून १९८६ मध्ये ‘पोस्टग्रेस’ हाती घेतला. विद्यापीठाने प्रकल्प थांबवल्यावर अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल भाषा जोडली. १९९६ मध्ये सध्याचे नाव मिळाले आणि तेव्हापासून तो जगभरच्या स्वयंसेवकांच्या हाती आहे. स्टोनब्रेकर यांना २०१४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मायएसक्यूएलची वाट वेगळी. तो एका कंपनीचा होता, २००८ मध्ये सन कंपनीने ती कंपनी विकत घेतली, २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. मालकी बदलण्याच्या धास्तीने मूळ लेखक माँटी विडेनियस यांनी मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली. पोस्टग्रेसला विकत घेता येईल असा मालकच नाही, आणि दीर्घ मुदतीच्या कामासाठी त्याला निवडण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

आता त्याची रचना. जुन्या पेढीवर मुनीम चोपडीत खाडाखोड करत नसे. चुकलेल्या ओळीवर रेघ मारून खाली नवी ओळ लिहीत असे. पोस्टग्रेसचा स्वभाव तसाच आहे. समजा एका खात्यातली शिल्लक ५०० वरून ४५० झाली. ५०० ची ओळ पुसली जात नाही. ४५० ची नवी ओळ लिहिली जाते आणि जुन्या ओळीवर ‘अमुक व्यवहारापासून रद्द’ अशी खूण होते. त्याच क्षणी दुसरा कोणी महिन्याचा अहवाल काढत असेल, तर त्याला त्याच्या सुरुवातीच्या क्षणाचे चित्र दिसत राहते. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला.

या सोयीची किंमत म्हणजे साचणारा कचरा. जुन्या ओळी, डीबीएंच्या भाषेत ‘डेड टपल’, कोणालाच नको झाल्या तरी जागा अडवून बसतात. त्या झाडून काढण्याच्या कामाला ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. ते आपोआप सुरू होते, पण मूळ सेटिंगप्रमाणे टेबलाच्या सुमारे २० टक्के ओळी रद्द झाल्यावर. हजार ओळींच्या टेबलाला हे ठीक आहे. एक कोटी ओळींच्या टेबलात मात्र वीस लाख मेलेल्या ओळी साचेपर्यंत झाडू हलत नाही. म्हणून मोठ्या टेबलांसाठी ही मर्यादा एक-दोन टक्क्यांवर आणणे हे नव्या डीबीएला शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या धड्यांपैकी आहे.

या दुखण्यावरचा फार मोठा उपाय एका मराठी आडनावाशी जोडलेला आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीच्या नोंदीत ‘हीप ओन्ली टपल’, म्हणजे ‘हॉट’, या सुधारणेपुढे पवन देवलासी यांचे नाव आहे. त्याआधी एका टेबलावर पाच इंडेक्स (ओळी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूची) असतील, तर शिल्लक बदलताच पाचही इंडेक्समध्ये नवी नोंद व्हायची, मग त्या इंडेक्सचा शिल्लकेशी संबंध असो वा नसो. हॉटमुळे हे थांबले. पोस्टग्रेस आपली माहिती आठ किलोबाइटच्या पानांत ठेवतो. इंडेक्समधला कोणताही रकाना बदललेला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर नवी ओळ तिथेच लिहून जुनीला साखळीसारखी जोडली जाते. इंडेक्स जुन्याच ठिकाणी बोट दाखवतो आणि साखळीवरून चालत नवी ओळ सापडते. शिवाय त्या पानावरच्या मेलेल्या ओळी पुढचा वाचणारा जाता जाता आवरून टाकतो, व्हॅक्यूमची वाट पाहावी लागत नाही.

हॉटचा लाभ आपसूक मिळतो, पण पूर्ण लाभासाठी टेबल नीट आखावे लागते. पाने काठोकाठ भरलेली असतील तर नव्या ओळीला शेजारी जागा नसते; म्हणून सतत बदलणाऱ्या टेबलांची पाने दहा-वीस टक्के मोकळी ठेवतात. वारंवार बदलणाऱ्या रकान्यावरच इंडेक्स असेल, तर त्या बदलाला हॉट लागू होत नाही. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून घातलेला प्रत्येक इंडेक्स लिहिण्याचे काम जड करतो. वापरात नसलेला इंडेक्स शोधून काढून टाकणे हे उत्तम डीबीएचे लक्षण मानायला हरकत नाही.

व्हॅक्यूमकडे आणखी एक जबाबदारी आहे. प्रत्येक लिहिणाऱ्या व्यवहाराला ३२ बिटांचा क्रमांक मिळतो, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी क्रमांक. ते संपले की मोजणी पुन्हा सुरुवातीकडे वळते, आणि जुने कोणते नि पुढचे कोणते हे ओळखण्यासाठी त्यातल्या अर्ध्यावर, साधारण २१४ कोटींवर, सीमा धरलेली आहे. जुन्या ओळी वेळेत ‘गोठवून’ क्रमांक मोकळे केले नाहीत, तर पोस्टग्रेस नवे लेखन नाकारतो. माहिती चुकीची दाखवण्यापेक्षा काम थांबवलेले बरे, हा त्यामागचा निर्णय योग्यच आहे. पण एखादा विसरलेला, दिवसेंदिवस उघडा राहिलेला व्यवहार ही साफसफाई अडवून धरू शकतो. म्हणून सकाळच्या तपासणीत सर्वांत जुना उघडा व्यवहार कोणता, हे पाहण्याची शिस्त असते.

वीज गेल्यावर होणाऱ्या नुकसानीपासून संरक्षण ‘वॉल’, म्हणजे ‘राइट-अहेड लॉग’, करते. बदल टेबलाच्या फाइलीत जाण्याआधी १६ मेगाबाइटच्या तुकड्यांच्या रोजकिर्दीत लिहिला जातो. सर्व्हर कोसळून उठला, की ती कीर्द वाचून टेबले पुन्हा जागेवर येतात. हीच कीर्द दुसऱ्या शहरात पाठवत राहिले, की तिथे रेप्लिका, म्हणजे चालती प्रत, तयार होते. महाप्यातल्या सर्व्हरची रेप्लिका हैदराबादेत ठेवली आणि फायबरचा मार्ग ७०० किलोमीटर धरला, तर प्रकाशालाच जाऊन-येऊन सात मिलिसेकंद लागतात. ‘तिकडे पोहोचल्याशिवाय झाले म्हणू नकोस’ असे सांगितले, तर प्रत्येक कमिट, म्हणजे व्यवहार पक्का होणे, किमान तेवढे थांबणार. म्हणून पुष्कळ ठिकाणी जिच्यासाठी कमिट थांबते अशी त्याच परिसरातली एक रेप्लिका आणि थोडी मागून येणारी दूरच्या शहरातली दुसरी, अशी जोडी लावतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे ज्यांनी पाहिले त्यांना दूरच्या प्रतीची गरज वेगळी पटवावी लागत नाही.

सरकारी कामातले महाराष्ट्राशी जोडलेले ठळक उदाहरण म्हणजे न्यायालये. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी ओपन सोर्सचा मार्ग धरला. एनआयसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या, पुणे शाखेने घडवलेली केस इन्फर्मेशन सिस्टिम देशभरच्या या न्यायालयांत वापरली जाते आणि तिच्या तळाशी पोस्टग्रेस आहे. प्रत्येक खटल्याला १६ अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक मिळतो: राज्य, जिल्हा, न्यायालय, सहा आकडी अनुक्रम आणि वर्ष. बेलापूरच्या न्यायालयात दाखल झालेला खटला ठाणे जिल्ह्यातला, म्हणून त्याची सुरुवात ‘एमएचटीएच’ अशी होते. पक्षकार मोबाइलवर पुढची तारीख पाहतो, तेव्हा त्याचा शोध याच क्रमांकाने लागतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र वापरणाऱ्याला स्वतः डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे लागते. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच नंतर आहे, शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. केवळ क्रमांकांवर यादी लावली तर तळोजा हे नाव तलासरी आणि तवसाळ यांच्या मध्ये पडते. ‘क्षीरसागर’ आडनाव ‘क’च्या गटात जाऊन बसते, शेवटी ‘ज्ञ’च्या आधी येत नाही. लांबीतही गफलत होते: ‘क्षमा’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण पोस्टग्रेसच्या मोजणीत पाच चिन्हांचा आणि साठवताना पंधरा बाइटचा. अर्जातल्या नावाला वीस चिन्हांची मर्यादा घालणाऱ्याने हे आधी तपासायला हवे. क्रम लावण्याचे नियम, म्हणजे कोलेशन, टेबल बनवतानाच भाषेनुसार ठरवता येतात.

हे नियम बहुधा पोस्टग्रेसच्या बाहेरून, ऑपरेटिंग सिस्टिमकडून येतात, आणि तिथे एक खोल खड्डा निघाला. २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने क्रमाचे नियम बदलले. जुन्या क्रमाने रचलेले इंडेक्स नव्या नियमाने वाचले जाऊ लागले आणि टेबलात असलेली नावे शोधात सापडेनात. ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर मजकुरावरचे इंडेक्स पुन्हा बांधावेत, हा सल्ला त्यातून रूढ झाला. १७ व्या आवृत्तीत बाहेरच्या लायब्ररीवर न विसंबणारी, पोस्टग्रेसच्या पोटातलीच एक कोलेशनची सोय आली.

सुधारणा आत येण्याची पद्धत उघड आहे. कोणीही पॅच, म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल, पाठवू शकतो. वर्षातले काही महिने फक्त अशा पॅचच्या तपासणीसाठी राखलेले असतात. एकाने लिहिलेले दुसरा तपासतो आणि शेवटी मोजक्या ‘कमिटर’पैकी कोणी ते मूळ कोडमध्ये घालतो. आवृत्तीच्या नोंदीत सुधारणेसमोर करणाऱ्याचे नाव छापले जाते. दहाव्या आवृत्तीत टेबलांच्या विभागणीपुढे तेव्हा जपानमध्ये एनटीटीत काम करणारे अमित लंगोटे यांचे नाव आहे. अकराव्या आवृत्तीत विभागवार जोडणी आणि बेरजेपुढे आशुतोष बापट आणि जीवन चाळके यांची नावे आहेत. एंटरप्राइझडीबी कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयाने या कामात बरीच वर्षे घातली आहेत.  पोस्टग्रेसवर काम करणारी देशभरची मंडळी बंगळूरला पीजीकॉन्फ इंडियाच्या निमित्ताने भेटतात.

कोड न लिहिणाऱ्यालाही या कामात वाटा आहे. उपयोगी तक्रारीत आवृत्तीचा क्रमांक, टेबलाची रचना, क्वेरी कशी चालली हे दाखवणारा ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ आणि दोष पुन्हा घडवून दाखवणारे सर्वांत लहान उदाहरण असते. ‘डेटाबेस स्लो झालाय’ एवढ्यावर कोणाला काही करता येत नाही.

नवी मोठी आवृत्ती दरवर्षी येते, प्रत्येकीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात आणि लहान दुरुस्त्या दर तीन महिन्यांनी. म्हणून आवृत्ती बदलण्याची रात्र प्रत्येक डीबीएच्या वाट्याला येतेच. ‘पीजी-अपग्रेड’ने फाइली जागच्या जागी जोडल्या, तर प्रचंड डेटाबेसही काही मिनिटांत नव्या आवृत्तीवर उभा राहतो. पण क्वेरीचा मार्ग ठरवण्यासाठी जमवलेली आकडेवारी त्यात गळून जायची. ती नव्याने गोळा होईपर्यंत साध्या क्वेरीही रेंगाळायच्या, आणि पहाटे पहिली लोकल सुटायच्या आत ते काम आटपायची धावपळ व्हायची. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून यातली बहुतेक आकडेवारी बदलानंतरही टिकून राहते.