गोथेनबर्ग: जंगल दुसऱ्याचं, वाट सगळ्यांची

आज जाऊया स्वीडनच्या गोथेनबर्गला. शहरातून ट्राम पकडा, साल्टहोल्मेनला उतरा आणि त्याच तिकिटावर बोटीत बसा. समोरच्या दक्षिणेकडच्या बेटांवर मोटारींना बंदी, म्हणजे पायी किंवा सायकलने फिरायचं.

पण खरी गंमत पुढे आहे. स्वीडनमध्ये ‘आलेमान्सरेटन’ म्हणजे सर्वांचा हक्क आहे. १९९४ पासून राज्यघटनेतही. मालकाला न विचारता त्याच्या जंगलातून चाला, ब्लूबेरी तोडून खा, एखादी रात्र तंबू ठोका. मात्र कुणाच्या घराजवळ किंवा उभ्या पिकात शिरायचं नाही. राखीव निसर्गक्षेत्रात नियम वेगळे, तिथला फलक वाचा. उन्हाळ्यात शेकोटीवर बंदी आहे का, तेही आधी बघा. 

सूत्र सोपं: कुणाला त्रास नको, नासधूस नको. इथं कुंपणापेक्षा विश्वास मोठा आहे. तो आपल्यामुळे तुटायला नको, एवढंच!