३०० चा प्लॅन, ९४ चा वेग

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, बिल ३०० चं, आणि लॅपटॉपला लॅन केबल जोडून वेग मोजला तर ९४. तासाभराने मोजला, ९४. पहाटे उठून मोजला, ९३.८. अशा वेळी कंपनीला फोन लावण्याआधी जरा थांबावं. बिघडलेली लाइन इतकी शिस्तीत वागत नाही. गर्दीने कमी झालेला वेग वरखाली होतो. मोजलेला वेग ९४ वर खिळून बसला असेल, तर वाटेत कुठेतरी १०० ची मर्यादा आहे, आणि बहुतेकदा ती आपल्याच घरात असते.

ही मर्यादा इथरनेटची. १९९५ साली आलेल्या ‘फास्ट इथरनेट’ मानकाचा वेग १०० एमबीपीएस होता. १९९९ मध्ये तशाच तांब्याच्या केबलवरून १००० एमबीपीएस नेणारं गिगाबिट इथरनेट आलं. लॅन केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनचा पीळ दिलेल्या, म्हणजे चार जोड्या. फास्ट इथरनेटचं काम दोन जोड्यांवर भागतं, गिगाबिटला चारही लागतात. दाराच्या फटीत चेपून एखादी तार तुटली, किंवा टोकाचा प्लग बसवताना एक पिन नीट दाबली गेली नाही, तर दोन्हीकडची यंत्रं सहसा आपसात ठरवून १०० वर उतरतात. लाल दिवा लागत नाही, काही बंद पडत नाही. नेट चालू असतं, म्हणून कुणाला केबलचा संशयही येत नाही.

मग १०० तरी पूर्ण का मिळत नाहीत? डेटा पाकिटांतून जातो. प्रत्येक पाकिटाबरोबर पत्ते, क्रमांक, चूक ओळखण्याचे बिट आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा एवढा पसारा असतो. तारेवर १५३८ बाइटची जागा व्यापणाऱ्या पाकिटात आपला खरा माल साधारण १४४८ बाइट. भागाकार केला की उत्तर येतं ०.९४. म्हणजे ९४ दिसणं हा १०० ची जोडणी ठणठणीत असल्याचाच पुरावा! संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ पाहावा. तिथे १०० असेल तर आधी केबल बदलून बघावी. तरी फरक पडला नाही, तर संशय राउटरच्या पोर्टवर. खोक्यावर ठसठशीत ‘३००’ छापलेल्या कितीतरी स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० चेच असतात. छापलेला आकडा वायफायचा, तोही कागदावरचा. फायबरच्या डब्यापासून अशा वेगळ्या राउटरपर्यंत केबल गेली असेल, तर वायफायसुद्धा ९४ च्या पुढे जाणार नाही.

वायफायचं दुखणं निराळं. तिथे आकडा स्थिर राहतच नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. सोसायटीत घरोघरी राउटर. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, आणि या रांगेत शेजाऱ्याचा राउटरही आपल्यापुढे उभा असतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ऐसपैस जागा आहे. भारताने २०१८ मध्ये त्याचा आणखी मोठा भाग विनापरवाना वापराला खुला केला. पण त्या लहरी भिंतींपुढे लवकर दमतात. सळ्यांचं काँक्रीट, स्टीलचं कपाट आणि मोठा आरसा यांच्यामागच्या खोलीत त्यांचं फारसं चालत नाही. आणि आपल्याकडे राउटरची जागा ठरते कशावरून? जोडणी करायला आलेल्या मुलाकडची वायर कुठवर पुरली त्यावरून. मग तो मुख्य दारावर तरी टांगला जातो, नाहीतर टीव्हीमागे कोंबला जातो.

त्यातही एक खोच आहे. मार्टिन ह्यूस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं, की त्या वेळच्या वायफायवर ११ एमबीपीएसने बोलणाऱ्या यंत्रांमध्ये एकच यंत्र १ ने बोलू लागलं, तर वेगवान यंत्रांच्याही हाती १ पेक्षा कमीच उरतं. संधी सगळ्यांना सारखी मिळते, पण हळू बोलणारा तेच पाकीट पाठवायला कितीतरी जास्त वेळ हवा अडवून धरतो. टोकाच्या खोलीतला जुना फोन राउटरजवळच्या लॅपटॉपला असा मागे ओढू शकतो. काही नवे राउटर संधीऐवजी वेळ समान वाटतात, तेवढाच दिलासा.

घर निर्दोष ठरलं की मगच बाहेर पाहावं. सकाळी सहाला आणि रात्री नऊला, दोन्ही वेळा केबलवर मोजणी करायची. सकाळी ३०० आणि रात्री १२० असेल, तर ती वाटणीची गर्दी. जीपॉन या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत फायबरचा एक धागा २.४८८ गिगाबिटचा असतो आणि तो ३२ किंवा ६४ घरांत वाटता येतो. बत्तिसांनीही एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकी ७८ एमबीपीएस. सगळे एकाच क्षणी जोर लावत नाहीत, या भरवशावर ३०० चे प्लॅन विकले जातात.

गर्दी होऊनही सगळं ठप्प का होत नाही, याची गोष्ट १९८६ ची आहे. त्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात बर्कलीचं विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. अंतर अवघं ४०० यार्ड. हरवलेली पाकिटं संगणक पुन्हापुन्हा पाठवत होते आणि कोंडी आणखी वाढवत होते. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी उपाय काढला: पाकीट हरवलं की वेग आवरायचा, मग हळूहळू वाढवायचा. ही शिस्त आजही इंटरनेटच्या मुळाशी आहे.

तक्रार करायचीच, तर केबलवरची सकाळ-रात्रीची मोजणी आणि फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये दिसणारी प्रकाशाची ताकद सांगावी. ती उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याखाली असेल, तर बहुधा धागा कुठेतरी कडक वळलाय किंवा कनेक्टर मळलाय. दर ३ डीबीमागे प्रकाश निम्मा होतो.

आणि मोजणी पूर्ण ३०० दाखवते, तरी व्हिडिओ कॉल अडखळतो, असं असेल तर? फोनमधले फोटो त्याच वेळी क्लाउडवर चढत आहेत का ते बघा. जिम गेटिस यांनी २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या जोडणीवर हा घोळ पकडला आणि त्याला नाव मिळालं ‘बफरब्लोट’. मेमरी स्वस्त झाली, तशी उपकरणांत पाकिटं थांबवून ठेवण्याची जागा वाढत गेली. पाकिटं हरवण्याऐवजी रांगेत साचू लागली, आणि हरवल्याशिवाय पाठवणारा वेग आवरत नाही. तोवर कॉलचं पाकीट फोटोंच्या मागे ताटकळतं. यावरचा उपाय २०१२ मध्ये पुन्हा जेकबसन यांनीच कॅथलीन निकल्स यांच्यासोबत मांडला: रांगेत पाकीट किती वेळ थांबलं ते पाहायचं आणि वेळीच एखादं टाकून द्यायचं. राउटरमध्ये अशी रांग आवरणारी ‘एसक्यूएम’ ही सोय असेल तर ती सुरू करून वेगाची मर्यादा मुद्दाम प्लॅनच्या ९० ते ९५ टक्क्यांवर ठेवावी. त्यामुळे रांग कंपनीच्या उपकरणात न साचता आपल्या ताब्यात राहते. सोय नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री झोपताना लावावा.