शाळेंतील पंगत आणि आहाराचें शिक्षण

मुलाला पालेभाजी आवडत नाहीं, ही तक्रार शहरांतील सुशिक्षित घरांत जितकी जुनी आहे, तितकेच तिच्यावरील उपायहि जुने आहेत. आई समजावते, आजी गोष्ट सांगते, वडील डोळे वटारतात. आणि शेवटीं भाजी पानांत तशीच राहते. जीवनसत्त्वांचा धडा घडाघड म्हणून दाखविणारा विद्यार्थी मधल्या सुटींत शाळेच्या फाटकाबाहेर वेफर्सची पुडी फोडतो, आणि त्यांत त्याला स्वतःला कांहींच विसंगत वाटत नाहीं. धडा हा परीक्षेचा विषय व पुडी हा भुकेचा. दोहोंची गांठ कोणी घालून दिलेलीच नसते. ही गांठ शाळेनें, आणि तीहि रोजच्या जेवणांतून घालावी, असें ठरवून ज्या देशानें तें बऱ्याच अंशीं साधलें आहे, तो देश म्हणजे जपान.

तेथें ह्या प्रथेचा आरंभ मात्र शिक्षणाच्या विचारांतून झाला नाहीं; तो दयेंतून झाला. यामागाता प्रांतांतील त्सुरुओका गांवीं एका बौद्ध मंदिराच्या आवारांत भरणाऱ्या शाळेंत १८८९ सालीं गरीब मुलांना दुपारीं भाताचे गोळे, भाजलेला खारा मासा व मुरविलेली भाजी विनामूल्य मिळूं लागली. भिक्षूंनीं दारोदार फिरून जें मिळवावें, त्यांतून हा खर्च चाले. पुढें दुसऱ्या महायुद्धानें सारा देशच उपाशी केला, तेव्हां १९४६ च्या अखेरीस परदेशांतील धर्मादाय संस्थांच्या मदतीवर शाळांतील जेवण पुनः उभें राहिलें. मलई काढलेल्या दुधाची भुकटी पाण्यांत कालवून मुलांना पाजीत. त्या दुधाच्या नांवानें तेथील वृद्ध मंडळी आजहि नाक मुरडतात. १९५४ सालीं शाळेंतील जेवणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्या जेवणांत पावाच्या जोडीला भात अधिकृतपणें येण्यास १९७६ साल उजाडावें लागलें, ही भात खाणाऱ्या देशाची गंमतच म्हणावयाची.

२००५ सालीं ह्या सर्वांस एक नांव व एक मूलभूत कायदा मिळाला. नांव ‘शोकुइकु’, शोकु म्हणजे खाणें आणि इकु म्हणजे संगोपन. शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, पण त्याला कायद्याचें बळ आलें तें आतां. त्याच वर्षापासून शाळांत आहारशिक्षक नेमण्याची सोय झाली. हा गृहस्थ (बहुधा ही बाई) केवळ भटारखान्यावर देखरेख करीत नाहीं. ताटांत आज काय आहे व तें कां आहे, हें वर्गांत जाऊन सांगणें हेंहि त्याचें काम.

प्राथमिक शाळेंतील दुपारचा देखावा पाहण्यासारखा असतो. घंटा होतांच, ज्यांची पाळी असेल तीं मुलें पांढरा डगला चढवितात, डोक्यास टोपी व तोंडास पट्टी बांधतात, हात धुतात आणि भात, रस्सा, भाज्या यांचीं जड भांडीं दोघां-तिघांनीं मिळून वर्गांत आणतात. वाढणारीं तींच. आठ-नऊ वर्षांची मुलगी पळी हातांत धरून तीसेक वाट्यांत रस्सा सारखा पडावा म्हणून डोळ्यांनीं माप घेते, तेव्हां भागाकाराचा पाठ निराळा द्यावा लागत नाहीं. शिक्षक तेंच अन्न घेऊन त्याच वर्गांत बसतात. सर्वांना वाढून झाल्यावर ‘इतादाकिमासु’, म्हणजे ‘हें नम्रपणें स्वीकारतों’, असें एकमुखानें म्हणून जेवण सुरू होतें; महाराष्ट्रांत पूर्वीं पहिल्या घांसापूर्वीं श्लोक म्हणत, त्याच जातीचा हा संस्कार. मागाहून भांडीं गोळा करणें, फडकें मारणें हें कामहि मुलांचेंच.

शिकविण्याची पद्धति साधी आहे. अन्नाचे तीन रंग मानलेले आहेत. शरीर घडविणारे मासे, अंडीं, दूध व सोयाबीन हे तांबडे. शक्ति देणारे भात, पाव व तेल हे पिवळे. आणि प्रकृति समतोल राखणाऱ्या भाज्या व फळें हीं हिरवीं. ताटांत तिन्ही रंग आहेत कीं नाहींत, एवढें लहान मुलासहि पाहतां येतें. उष्मांकाची बेरीज पुढें सावकाश येते. दुसऱ्या इयत्तेंतील मुलें कुंडींत टमाटे लावतात, आणि जें रोप स्वतः पाणी घालून वाढविलें त्याचें फळ थुंकून टाकण्यास मुलाचें मन सहसा होत नाहीं. पांचव्या इयत्तेपासून गृहशास्त्र सुरू होतें, तें मुलगे व मुली दोघांनाहि. भात शिजविणें आणि सोयाबीनच्या आंबविलेल्या गोळ्याचें सार करणें हे त्यांतील नेमलेले पाठ होत.

हें सर्व निर्वेध चाललें असें मात्र नव्हे. १९९६ सालीं ओसाकाजवळील साकाइ शहरांत शाळांच्या जेवणांतून जंतुबाधा होऊन हजारों मुलें आजारी पडलीं व कांहीं दगावलीं. त्यानंतर नियम कडक झाले: प्रत्येक पदार्थाचा नमुना शून्याखालीं २० अंशांवर दोन आठवडे जपून ठेवावा लागतो, आणि मुलांच्या आधीं मुख्याध्यापकासारख्या जबाबदार माणसानें तें अन्न चाखावें लागतें. ज्या शाळेचा प्रमुख मुलांचें अन्न रोज चाखतो, तेथील आमटी सहसा पाणचट राहत नसावी.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास भरलेल्या परिषदेंतून गांधीजींची नयी तालीम पुढें आली आणि सेवाग्रामच्या शाळेंत शेत, सूत व स्वयंपाकघर हींच अभ्यासाचीं साधनें झालीं. १९९५ सालीं देशभर शालेय आहाराची योजना निघाली. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कोरडें धान्य न वाटतां शिजविलेलेंच अन्न द्यावें असा आदेश दिला. आज सरकारी व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना हें जेवण मिळतें. प्राथमिक वर्गांसाठीं ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें, वरच्या वर्गांसाठीं ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनें असें त्याचें प्रमाण आहे. कित्येक जिल्हा परिषद शाळांनीं परसबागाहि केल्या आहेत. परंतु मापानें पोट भरतें. शिक्षण त्यांतून होतेंच असें नाहीं. स्वयंपाकीण अमुक जातीची म्हणून मुलांनीं जेवण नाकारल्याचे प्रकार देशांत अनेक ठिकाणीं घडले आहेत. २००४ सालीं न्यायालयानें स्वयंपाकाच्या कामीं दलित व आदिवासी उमेदवारांस प्राधान्य द्यावें असें सांगितलें, तें उगीच नव्हे.

आणि शहरांतील सुस्थित घरांचें काय? तेथें शाळेंतील जेवण म्हणजे गरिबांची सोय, अशी समजूत पक्की आहे. जपानांत डॉक्टरचा मुलगा व मजुराचा मुलगा एकाच भांड्यांतून वाढून घेतात. शिधासामग्रीचा खर्च पालकांकडून घ्यावा व बाकीचा भार नगरपालिकेनें उचलावा अशी कायद्याची योजना होती, आणि अलीकडे कित्येक ठिकाणीं पालकांचा वांटाहि माफ झाला आहे. मुंबई-पुण्याच्या खासगी शाळेंत प्रत्येकाचा डबा निराळा, आणि मधली सुटी इतकी तोकडी कीं तो अर्धा खाऊनच झांकावा लागतो. २०२० सालच्या नियमांनीं शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आंत अतिमेदाचे, अतिसाखरेचे व अतिमिठाचे पदार्थ विकण्यास बंदी केली आहे. हातगाडीवाल्याला ती पन्नास पावलें पुढें ढकलतां येते, एवढेंच.

जागा नाहीं, ही सबब नेहमीं पुढें येते. मेथीला वीतभर माती पुरते, आणि तीन-चार आठवड्यांत ती खुडण्याजोगी होते. गच्चीवर दहा कुंड्या, ज्वारीचें पीठ, एक शेगडी व एक तवा एवढ्या सामानावर चौथीच्या वर्गाला महिन्यांतून एका शनिवारीं थालीपीठ लावतां येईल. भाजी निवडण्याचें काम त्या दिवशीं मुलग्यांकडे द्यावें.