मनमाडचे जंक्शन आणि घरचा संगणक

रात्री दोन वाजता तुम्ही कधी मनमाड जंक्शनवर उतरला आहात काय? गाव झोपलेले असते, स्टेशन मात्र जागे असते. मुंबई, भुसावळ, दौंड, छत्रपती संभाजीनगर अशा निरनिराळ्या बाजूंच्या गाड्या येत-जात असतात. आता ह्याच गावातल्या एखाद्या घरात डोकावू. सगळे निजले आहेत, पण कपाटावर ठेवलेल्या राउटरचा दिवा लुकलुकतो आहे. म्हणजे ह्या घराचेही एक स्टेशन जागेच आहे! तेथे रात्री कोण येते-जाते, ते आज आपण पाहू.

पूर्वी असे नव्हते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेव्हा संगणक टेलिफोनच्या तारेने जोडला जाई. वेळेबरोबर बिल वाढे, म्हणून काम होताच जोडणी तोडावी लागे. आज ब्रॉडबँडची जोडणी चोवीस तास चालू असते. सोय मोठी, पण जे दार आपल्याला बाहेर जाण्यासाठी सदैव उघडे, ते बाहेरच्यालाही दिसणारच.

"पण मनमाडातला आमचा संगणक कोण कशाला शोधील?" असे तुम्ही विचाराल. उत्तर सोपे आहे. तुम्हाला कोणी शोधत नाही, सर्वांचीच दारे ठोठावली जातात. इंटरनेटवरील जोडणीला अंकांचा पत्ता असतो. जुन्या पद्धतीचा पत्ता ० आणि १ अशा ३२ अंकांचा असतो. म्हणून एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी होतात. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी असा प्रोग्रॅम तयार केला की, एक संगणक वेगवान जोडणीवरून ह्या साऱ्या पत्त्यांचे एकेक दार पाऊण तासाच्या आत ठोठावू शकतो. त्यांचा हेतू अभ्यासाचा होता, परंतु चोरालाही हीच युक्ती करता येते. अशा यंत्राला मुंबई आणि मनमाड सारखीच जवळ!

दार म्हणजे काय? स्टेशनाला जसे क्रमांकांचे फलाट, तसे प्रत्येक पत्त्याला ६५,५३६ 'पोर्ट' असतात. ज्या पोर्टवर एखादा प्रोग्रॅम वाट पाहत बसला असेल, तोच उघडा. विंडोज संगणक आपसांत फाइलींची देवघेव ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून करतात. ही देवघेव करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक उणीव सापडली. मायक्रोसॉफ्टने तिची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली. पुष्कळांनी ती बसवलीच नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्रॅम नेमका ह्याच वाटेने शिरू लागला. तो फाइलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले. संगणकापुढे बसलेल्याने काही चूक करण्याचीही गरज नव्हती!

पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला. इतर युक्त्यांबरोबर त्यानेही तीच उणीव वापरली. नाशिकची द्राक्षे जेथून परदेशी जातात, त्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्यामुळे विस्कळीत झाले.

मग रक्षण कसे करावे? येथे मनमाडचा इतिहास आपल्या मदतीला येतो. मुंबईची लोहमार्गाची जोडी १ मीटर ६७६ मिलिमीटर रुंदीची, तर निजामाच्या राज्यातून येणारा मार्ग १ मीटर रुंदीचा. १९९० च्या दशकात रूळ बदलेपर्यंत मुंबईची गाडी मनमाडहून थेट औरंगाबादेस जाऊच शकत नसे. प्रवाशांना गाडी बदलावी लागे, माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. तुमचा राउटर नेमके हेच करतो. बाहेरचा पत्ता वेगळा, घरातल्या संगणकाचा वेगळा. आपण एखादे पान मागवले की राउटर त्याची नोंद करतो, आणि उत्तर आले की नोंद पाहून ते योग्य संगणकाला देतो. ज्याची नोंदच नाही, असा आगंतुक माल तेथेच पडून राहतो.

पण मापे एक झाल्यावर गाड्या थेट धावू लागल्या, हे विसरू नका. इंटरनेटची नवी पद्धतही तशीच आहे. तिचे पत्ते १२८ अंकांचे आणि इतके असंख्य की, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. अदलाबदल गेली की पहारेकरी हवाच. हा पहारेकरी म्हणजे फायरवॉल. न मागवलेली जोडणी तो परतवून लावतो. राउटर आणि संगणक, दोन्हींतील फायरवॉल चालू आहे ना, ते पाहा.

आणि पहारेकऱ्याचीच किल्ली चोराकडे असेल तर? २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने राउटर आणि कॅमेरे हजारोंनी काबीज केले. त्याच्यापाशी कारखान्यातून येणाऱ्या नावांच्या आणि पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती, एवढेच! मालकांनी ते बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ह्या फौजेने केलेल्या हल्ल्यामुळे अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास उघडेनात. म्हणजे आपला निष्काळजीपणा दुसऱ्याच्या घरावर दगड फेकू शकतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

पासवर्ड किती लांब असावा, हे गणितानेच ठरवा. चार अंकांच्या १०,००० जुळण्या होतात. सेकंदाला एक, अशी गती धरली तरी त्या पावणेतीन तासांत संपतात. आठ इंग्रजी लहान अक्षरांच्या सुमारे २०,८८३ कोटी जुळण्या होतात. त्याच गतीने त्यांना साडेसहा हजार वर्षे लागतील! परंतु चोरलेल्या यादीवर वेगवान यंत्र सेकंदाला १०० कोटी जुळण्या तपासू लागले, तर तेच काम साडेतीन मिनिटांचे. बारा अक्षरांना मात्र त्या यंत्रालाही सुमारे तीन वर्षे लागतील. म्हणून लांबी वाढवा, आणि एकच पासवर्ड दोन ठिकाणी वापरू नका.

फायरवॉल एक गोष्ट मात्र अडवू शकत नाही : तुम्ही स्वतः आत बोलावलेला पाहुणा. फुकटचा खेळ म्हणून उतरवून घेतलेली फाइल ही मागवलेलीच असते ना? म्हणून अनोळखी फाइल उघडू नये. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क काढून ठेवावी, कारण जी जोडलेलीच नाही, तिला कुलूप कोण लावणार? दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात. विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही घरी सांगा. संशय आला तर प्रथम इंटरनेट तोडा. केंद्र सरकारचे 'सायबर स्वच्छता केंद्र' सफाईची साधने विनामूल्य देते, आणि पैशांची फसवणूक झाल्यास १९३० ह्या क्रमांकावर लगेच कळवावे.

करून पाहा : घरातील मोठ्यांना बरोबर घेऊन राउटरचे पान उघडा. किती यंत्रे जोडलेली आहेत, ते मोजा. प्रत्येकाचे नाव तुम्हाला सांगता आले पाहिजे. एखादे ओळखीचे निघाले नाही, तर ते कोणाचे आहे, ते आजच शोधा!